रुसलेल्या विहिणीचा दीड कॉलम

माझ्या लिखाणाच्या खोलीचा फोटो हवा म्हणून या अंकाच्या संपादकांनी एका फोटोग्राफरला घरी पाठवलं. मी त्याला मागची पडवी दाखवली. तिथं आता गॅसचं सिलिंडर आणि नातवाची मोडकी सायकल असते. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करते आहे. त्यानं मला बैठकीच्या खोलीत बसवलं, हातात पेन दिलं, मागं जाड पुस्तकं लावली आणि फोटो काढून निघून गेला. तो फोटो तुम्ही बघालच. पण माझं निम्म्याहून अधिक लिखाण त्या पडवीतच झालं, आणि का झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

साताऱ्यातल्या एका साप्ताहिकात मी दर आठवड्याला दीड कॉलम लिहीत असे. सदराचं नाव ‘शेजारीण सांगते’. घरातल्या गोष्टी, सासू-सुना, पाहुणे, लोणची, रुसवेफुगवे. नाव छापत नसत, पण साताऱ्यात शेजारीण कोण हे भाजीवालीलाही ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. कागद मिळत नसे. आमचे हे शाळेत मास्तर, त्यामुळे तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू माझ्या वाट्याला येत. पुढच्या बाजूला शिवाजी आणि औरंगजेब, मागच्या बाजूला माझी कढी.

आता वेळेचं. घरात सात-आठ माणसं, सोवळ्याचा स्वयंपाक, दोन लहान मुलं. अशा घरात सून कागद घेऊन बसली तर तिला कोणी काही बोलत नाही. नुसतं तिच्यापुढं निवडायला तांदूळ आणून ठेवतात. म्हणून मला लिहायला मिळत ते महिन्यातले बाजूला बसायचे दिवस. कावळा शिवला की मी पडवीत. चुलीला हात लावायचा नाही, पाण्याला शिवायचं नाही, मुलांना जवळ घ्यायचं नाही. बाकीच्या बायका त्या दिवसांत गोधड्या शिवत. मी महिन्याचं सगळं लिखाण उरकून घेई. कागदाला विटाळ होतो का, हा प्रश्न आमच्या घरी निघाला होता. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पोथ्या काढून बघितल्या. पण ऋषीमुनींनी दौत-टाकाचा विचार केलेला नव्हता. शेवटी चौथ्या दिवशी मी न्हाले की कागदही शुद्ध, असा निकाल झाला.

लिहिलेलं ऐकायला माझी नणंद इंदू असायची. उंबऱ्याच्या पलीकडं बसायची, मी अलीकडून वाचून दाखवायची. ती हसली की लेख छापखान्यात जाई. ती हसली नाही की परत नवा शिवाजी-औरंगजेब घेऊन बसायचं.

छापखान्यात सगळे लेख एकदमच जात. चार-पाच लेखांचा जुडगा, कशावर तारीख नाही, वार नाही. संपादक तात्या त्यातला हवा तो हव्या त्या आठवड्याला लावत. खिळे जुळवणारा गणपा मला बघितलं की तक्रार करी. “बाई, जरा आखूड लिवा. तुमी लिवताय हातभर आन् आमच्याकडं खिळं हाईत मूठभर.” दीड कॉलम म्हणजे दीड कॉलम. एक ओळ वाढली तर गणपा ती बिनदिक्कत कापायचा, आणि कापलेली ओळ हमखास चांगली असायची.

या धंद्यातली खरी अडचण निराळीच. घरचं लिहायचं म्हणजे कोणाच्या तरी घरचं लिहावं लागतं. मग मी शालूचा रंग बदलत असे, गाव बदलत असे, मावशीची काकू करत असे. आणि एवढी काळजी घेऊनही ज्याचं त्याला ओळखू येत नसे, भलत्यालाच येई. एकदा गुळाच्या डब्याला कुलूप लावणाऱ्या सासूवर लिहिलं. ती सासू म्हणजे माझी वाईची आत्या. तिनं वाचलं, पोटभर हसली, म्हणाली, अशा बायका असतात बाई. पण वडूजकडचा एक हवालदार, रजेवर आलेला, पत्ता शोधत आमच्या दारात उभा राहिला. त्याच्या भावानं ते साप्ताहिक छावणीत पाठवलं होतं आणि बराकीत त्याचं मोठ्यानं वाचन झालं होतं.

“आवं बाई, आमच्या आयेचं तुमाला कुनी सांगितलं?” त्यानं विचारलं. “समदी पल्टन हसली. मी बी हसलो. मंग लय वंगाळ वाटलं. आता घरला गेलो तवा पैलं ते कुलूप काढून हिरीत टाकलं.”

मी त्याला चहा दिला. तुझ्या आईचं नाव मी ऐकलेलंही नाही, असं सांगून बघितलं. त्यानं मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही. त्याच्या येण्यावर मी खूप दिवस खूश होते. लेखणीत ताकद असते वगैरे मनाशी म्हणत होते. ती ताकद उलटली की काय होतं ते मला थोड्याच महिन्यांत कळलं.

इंदूचं लग्न जमत नव्हतं. मुलगी चांगली, कामाला वाघ, आवाज गोड. पण सावळी, आणि वय विशीला टेकलेलं. दोन ठिकाणी जमत आलेलं मोडलं होतं. दुसऱ्या वेळेला तर साखरपुड्याचे पेढे घरात आले होते. ते पेढे कोणी खाल्ले ते मला आजही आठवत नाही, पण इंदूनं नाही खाल्ले एवढं आठवतं. त्यानंतर सांगलीचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शास्त्र शिकवायचा. तो येऊन मुलगी बघून गेला, आणि पहिल्यांदाच असं झालं की इंदूनं मला स्वतः होऊन विचारलं, वहिनी, सांगलीला कृष्णेचा घाट कसा आहे गं? मी काय समजायचं ते समजले.

पसंतीचा निरोप आला. मग बोलणी करायला मुलाचे आईवडील आले. मुलाच्या आईला सगळे माई म्हणत. उंच, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. सासूबाईंनी त्या दिवशी जीव ओतून स्वयंपाक केला. रेशनची साखर चार घरांतून गोळा करून खीर केली. इंदू वाढत होती, मी पोळ्या करत होते. आणि माई जेवल्या नाहीत. पानावर बसल्या, हात पानाच्या कडेला ठेवला, आणि माजघराच्या दाराकडं बघत राहिल्या. खिरीची वाटी भरली तशी राहिली. सासूबाईंनी आग्रह केला, तेव्हा पोट बरं नाही म्हणाल्या. पंगत उठली, माई उठल्या, कुंकू लावून घेतलं आणि गेल्या.

घरात सुतक आल्यासारखं झालं. काय चुकलं? पाटाभोवती रांगोळी होती. वाटी चांदीची होती. सासूबाईंनी स्वतः पाय धुवायला ऊन पाणी दिलं होतं. मामंजी म्हणाले, पोट बिघडलं असेल. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाचं पोट व्याह्याच्या घरी असं बिघडत नसतं. इंदूनं माईंच्या पानावरचं अन्न उचलून गाईला घातलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी साप्ताहिक आलं. दुपारी हे शाळेतून आले ते घाम पुसतच. अंक माझ्यापुढं टाकला आणि म्हणाले, हे तू काय केलंस?

शेजारणीचा त्या आठवड्याचा लेख होता रुसलेल्या विहिणीवर. लग्नात विहिणीच्या पंगतीला मुलाच्या आईला वाजंत्री लावून बोलवायचं असतं. लेखातले वाजंत्री नेमके जेवायला बसलेले. त्यामुळे मुलीकडच्या बायका मोकळ्याच, नुसत्या अक्षता घेऊन, बोलवायला जातात. विहीण रुसते. वऱ्हाड उतरलेल्या जानवसघराचं दार लावून घेते. पानं वाढलेली, वरणावर साय धरलेली, आणि सगळा मांडव विहिणीच्या दाराशी. शेवटी वाजंत्र्यांना उष्ट्या हातानं उठवून आणतात, ते चिडून इतक्या जोरात वाजवतात की विहीण आणखी काय तक्रार करते आहे ते कोणाला ऐकूच येत नाही. तिथं लेख संपला होता. दीड कॉलम. इंदू उंबऱ्यापलीकडं लोळून लोळून हसली होती.

पण ती हसली त्याला चार-पाच महिने झाले होते. तेव्हा सांगलीचं नावही घरात निघालेलं नव्हतं.

मी तशीच छापखान्यात गेले. तात्यांचा चेहरा उतरलेला. त्या आठवड्यात माझ्या सदराच्या जागी चळवळीची एक बातमी जुळवून तयार होती. ऐनवेळी पोलिसांचा माणूस दोनदा येऊन गेला म्हणून तात्यांनी ती काढली. मधे भोक पडलं. भोक दीड कॉलमचं. गणपानं माझ्या पडून राहिलेल्या जुन्या जुडग्यातला वरचा लेख उचलला आणि बसवला.

“वहिनी, मला वाटलं पोलिसापेक्षा विहीण परवडली,” तात्या म्हणाले.

साप्ताहिक टपालानं सांगलीत शनिवारी पोचे. सोमवारी मध्यस्थ दारात हजर. सांगलीकरांनी साखरपुडा तूर्त राहू दे म्हणून कळवलं होतं. लेख तिकडं या हातातून त्या हातात फिरत होता. सातारकरांच्या सुनेनं माईंना छापून काढलं, असं लोक म्हणत होते. माई मात्र काहीच म्हणत नव्हत्या, आणि तेच मध्यस्थांना वाईट लक्षण वाटत होतं.

ते गेल्यावर मामंजींनी मला बाहेर बोलावलं. ते आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, लेख जुना असेल तर तसा खुलासा छापून आण. पण जुना आहे एवढं म्हणून भागणार नाही. लोक विचारतील, सांगलीकर नव्हेत तर मग ती विहीण कोण? कुठलं लग्न, कुठलं घर, ते त्यात आलं पाहिजे. बोल, कोणाचं लग्न?

सासूबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांच्या लुगड्याचा काठ मला दिसत होता.

आता तुम्हाला सांगते. ते लग्न माझं होतं. वाईला झालं होतं. लेखात मी कऱ्हाड केलं. शालू हिरवा होता. मी जांभळा केला. आणि ती रुसलेली विहीण म्हणजे दाराआड उभ्या असलेल्या माझ्या सासूबाई. वाजंत्री तेवढे मी बदलले नाहीत, कारण वाजंत्र्यांशिवाय त्यात हसण्यासारखं काही उरत नव्हतं.

मामंजी स्वतः त्या लग्नात होते. पण पुरुषांची पंगत वेळेवर उठली होती, तेव्हा त्यांना काय आठवणार? आमचे हे तर नवरदेवच. मांडवात काय चाललंय ते नवरदेवाला कधी कळलंय? आणि इंदू तेव्हा परकर-पोलक्यातली पोर. आठवण असली तर दोघींनाच असणार, मला आणि सासूबाईंना. त्या माझं सदर वाचत नसत. डोळे दुखतात म्हणायच्या. पोथी वाचताना मात्र दुखत नसत.

मी मामंजींना म्हटलं, कोणाचंच नाही. कल्पना आहे. ते माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, कल्पनेवर लोक विश्वास ठेवत नसतात. खुलासा जमत नसेल तर दुसरं सांगतो. तुझं लिहिणं बंद. मुलीच्या लग्नापुढं मला दीड कॉलमचं कौतुक नाही.

त्यांचं काय चुकलं होतं? मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. पण त्या आठवड्यात मी जशी जगले तशी शत्रूनंही जगू नये. पोळी लाटताना मनात खुलासा जुळवायची. ‘सदर लेख प्रस्तुत लेखिकेच्या स्वतःच्या विवाहप्रसंगावरून’ एवढं लिहिलं की इंदूचं लग्न वाचत होतं. आणि त्याच ओळीनं सासूबाई साताऱ्याच्या साऱ्या पेठांत विहीण म्हणून नाचवल्या जाणार होत्या. माझ्या मुलांची आजी. माझ्या बाळंतपणात पहाटे उठून शेक करणारी बाई. एका बाजूला ती, एका बाजूला इंदू, आणि मधे माझी जीभ. यांना एकांतात सांगितलं तर हे म्हणाले, आईला सांगू नकोस. बाबांनाही सांगू नकोस. मग कोणाला सांगू, विचारलं, तर शाळेची वेळ झाली म्हणून निघून गेले.

सासूबाई माझ्याशी बोलत होत्या, पण कामापुरतं. त्यांनी वाचलंय की नाही काही कळेना. त्या टोमणा मारतात की त्यांना खरंच तेवढंच बोलायचंय, याचा अंदाज घेण्यात माझा दिवस जाई. मीठ जास्त पडलं म्हणाल्या तरी मी त्यात दुसरा अर्थ शोधी.

आणि इंदू. तिला मला टाळता येत नव्हतं, घर एवढंसं. दोन दिवसांनी विहिरीवर धुणं धूत असताना माझ्याकडं न बघता म्हणाली, “वहिनी, मला त्या घरी जायचं होतं.” एवढंच. मी तिला काय सांगणार होते? तिनं मला एकदाही विचारलं नाही की तू असं का लिहिलंस. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी टाक धुऊन ठेवला. दौत वाळू दिली. त्या महिन्यात पडवीत बसले तेव्हा गोधडी घेऊन बसले, आणि सुई बोटात खुपसून घेतली. मला शिवता येत नाही.

मग एक दिवस, सकाळची जेवणं व्हायच्या सुमारास, दारात टांगा थांबला. आतून माई उतरल्या. बरोबर भाचा. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं त्या सांगलीहून आल्या होत्या. लुगड्यावर, केसांवर, भुवयांवर काजळी. मुलाची आई न बोलावता, न कळवता मुलीच्या दारात येणं हे आमच्याकडं कोणी ऐकलेलं नव्हतं. मामंजी अंगात सदरा घालत बाहेर आले. शाळेला सुट्टी होती, हे घरातच होते, ते उभे राहिले. इंदूनं पाणी आणलं. माईंनी तांब्याला हात लावला नाही.

“पाणी नको,” त्या म्हणाल्या. “लेख लिहिणारीला बोलवा.”

मी पदर सारखा करून बाहेर आले. हाताला पीठ तसंच. सासूबाई माझ्यामागून येऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. माईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. बहुतेक त्यांनी मला जरा मोठी, जरा शहाणी दिसणारी कल्पिली असावी.

म्हणाल्या, सगळी सांगली म्हणते हा लेख माझ्यावर आहे. मी लोकांच्या तोंडून ऐकलं, मध्यस्थाच्या तोंडून ऐकलं. आता तुझ्या तोंडून ऐकायला आले.

मी सांगितलं की लेख तुम्ही यायच्या कितीतरी आधीचा आहे, छापखान्यात पडून होता, तुमच्यावर नाही. देवाशपथ सांगितलं.

“मग कोणावर आहे?”

मामंजी म्हणाले, सांग, नाव सांग, आता लपवण्यात अर्थ नाही. मला इंदू दिसत होती, हातात तो तांब्या तसाच धरलेला. मागं वळून बघायची माझी छाती होईना. मी म्हटलं, कोणावर नाही, मनानं रचलेलं आहे.

“खोटं बोलू नकोस,” माई म्हणाल्या. “वाजंत्री जेवायला बसले म्हणून विहिणीला मोकळं बोलावणं गेलं, हे कोणी मनानं रचत नाही. कुठंतरी घडल्याशिवाय ते सुचायचं नाही.”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आज इतक्या वर्षांनीही सांगता येणार नाही. इंदूकडं बघून कदाचित नाव घेतलंही असतं.

“माझ्यावर आहे,” सासूबाई दारातून म्हणाल्या.

मामंजींनी चमकून बघितलं. सासूबाई पुढं आल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजी काय करायची विचारतात तसा.

“हिच्या लग्नात मी रुसले होते. वाईला. शालू हिरवा होता, हिनं जांभळा लिहिलाय. छापून आलं त्याच दिवशी वाचलं मी. हिचं सगळंच वाचते. हिनं नाव घेतलं असतं तर तुमचा गैरसमज केव्हाच मिटला असता, माई. हिनं घेतलं नाही. आणि मी वाट बघत बसले, ही घेते का म्हणून.”

मी भिंतीला टेकले. या बाईनं एवढे दिवस माझ्यासमोर बसून तांदूळ निवडले होते.

मला वाटलं, आता माई हसतील, सगळं मिटेल. माई हसल्या नाहीत. त्या सासूबाईंकडं वळल्या.

“आणि नवरी?” त्यांनी विचारलं. “लेख मी पुन्हा पुन्हा वाचला. विहीण आली, वाजंत्री वाजले, लोक हसले. नवरी जेवली का ते त्यात कुठंच नाही.”

मग माईंनी जे सांगितलं ते त्यांनी बहुधा आपल्या माणसांनाही कधी सांगितलं नसावं, कारण त्यांचा भाचा त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. माईंचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या. लग्नाचा उपास आदल्या रात्रीपासूनचा. त्यांच्या सासूबाईही विहिणीच्या पंगतीला रुसून बसल्या, दिवे लागेपर्यंत. विहीण जेवल्याशिवाय नवरीला पान कोण देणार? भर मांडवात त्यांना घेरी आली, त्या पडल्या. लोक म्हणाले, पोरीला फेफरं आहे, लपवून गळ्यात बांधली. तो बोल त्यांनी पुढं पहिलं मूल होईपर्यंत ऐकला.

“तेव्हापासून लग्नकार्यात मुलीच्या पोटात अन्न गेल्याशिवाय मी पानाला हात लावत नाही,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी तुमची इंदू वाढत होती. ती बसेल, मग मी जेवेन, म्हणून दाराकडं बघत होते. तोंडानं कसं सांगायचं? व्याह्याच्या घरी येऊन त्यांची रीत चुकते म्हणून सांगू? तुम्ही तिला बसवलीच नाहीत. मी उपाशी गेले. आणि वर छापून आलं की मी रुसले.”

मी दर आठवड्याला दुसऱ्यांच्या घरात डोकावून बघणारी बाई. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, एक बाई का जेवत नाही ते मला दिसलं नव्हतं. आणि माझ्याच लग्नावर दीड कॉलम लिहिताना त्यात मीच कुठं नव्हते. हसवायचं होतं ना, मग उपाशी मुलगी कशाला हवी? गणपानं कापलेली ती ओळ नव्हती. ती मीच लिहिली नव्हती.

सासूबाई खाली बघत होत्या. तशाच म्हणाल्या, “नाही जेवली. पंगतीला उशीर झाला, मग लगेच वरातीची घाई. मी विचारलं नाही. गाडीत माझ्याशेजारी बसली होती, तेव्हा तिच्या पोटातला आवाज मला ऐकू आला. तरी विचारलं नाही.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज झाला. मामंजींनी माईंना बसायची विनंती केली, साखरपुड्याचं काही बोलावं म्हणून शब्द जुळवायला लागले. माई म्हणाल्या, साखरपुडा ठरल्या दिवशीच होईल, पण वाजंत्री नकोत, माझे कान दुखतात. मग त्यांनी इंदूच्या हातातून तांब्या घेतला आणि उभ्यानंच सगळं पाणी पिऊन टाकलं.

सासूबाईंनी आतून हाक मारली. जाऊन बघते तर माजघरात दोन पानं मांडलेली. पुरुषांच्या आधी, पाहुणीच्या आधी. रोजचाच स्वयंपाक होता, वरणभात, वांग्याची भाजी, ताक. त्यात सासूबाईंनी साखरेची वाटी आणून ठेवली, रेशनची उरलेली. इंदूला म्हणाल्या, बस. इंदू बसली. माई येऊन दारात उभ्या राहिल्या, आणि इंदूनं पहिला घास घेतला तसा त्यांनी श्वास सोडला.

मी वाढायला म्हणून भाताचं भांडं उचललं. सासूबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

“ते दुसरं पान तुझं आहे,” त्या म्हणाल्या.

सून आधी जेवते आणि सासू वाढते, हे त्या घरात कधी झालं नव्हतं. मी नको म्हणत होते, त्या ऐकत नव्हत्या. शेवटी बसले. त्यांनी भात वाढला, वरण वाढलं, तूप वाढलं, आणि थांबून परत तूप वाढलं. माझ्याकडं बघत नव्हत्या, पानाकडं बघत होत्या. मी खाली मान घालून जेवायला लागले. मला खरोखरच भूक लागली होती.